खांद्याच्या शस्त्रक्रियेतील बाहुजाल-बधिरीकरण : त्याच्या गंभीर उपद्रवांचा इतिहास

विभागीय बधिरीकरणाचा इतिहास बहुधा शोधांच्या क्रमाने लिहिला जातो. अमुक वर्षी अमुक औषध हाती आले, तमुक वर्षी सुई टोचण्याची नवी जागा ठरली, आणि रुग्णास संपूर्ण बेशुद्ध करण्याची आवश्यकता त्या मानाने कमी झाली, अशी त्याची मांडणी असते. ही मांडणी खोटी नव्हे, परंतु अपुरी आहे. प्रत्येक नव्या पद्धतीबरोबर तिचे अपायही जन्मास आले. त्यांपैकी काही तत्काळ ओळखले गेले. काही मात्र पुष्कळ वर्षे डोळ्यांसमोर असूनही दिसले नाहीत. खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी मानेत केल्या जाणाऱ्या बाहुजाल-बधिरीकरणाचा वृत्तांत या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे, कारण येथे जे अत्यंत विरळ होते ते आधी नोंदले गेले आणि जे सार्वत्रिक होते त्याचे मोजमाप सर्वांत उशिरा झाले.

आयुर्वेदाच्या परिभाषेत मूळ व्याधीच्या मागोमाग उद्भवणाऱ्या दुसऱ्या विकाराला ‘उपद्रव’ म्हणतात. मराठी वैद्यकीय लेखनाने हाच शब्द शस्त्रक्रियेतून किंवा औषधातून उद्भवणाऱ्या अपायासही लावला आहे. अर्थाच्या या विस्तारात एक अडचण आहे. व्याधीचा उपद्रव व्याधीच्या माथी मारता येतो. उपचाराच्या उपद्रवास मात्र कोणी तरी उत्तरदायी असतो. पुढील वृत्तांतातील बराचसा वाद याच अडचणीभोवती फिरतो.

प्रथम स्थानाचा विचार करणे प्राप्त आहे. बाहूस चेतना देणारे मज्जातंतू मानेच्या पाचव्या ते आठव्या मूळतंतूंपासून आणि छातीच्या पहिल्या मूळतंतूपासून निघतात. मानेच्या बाजूस पुढचा आणि मधला असे दोन स्कॅलीन स्नायू आहेत. त्यांच्यामधील फटीतून हे मूळतंतू बाहेर पडतात आणि पुढे एकमेकांत गुंफले जाऊन बाहुजाल तयार होते. खांद्याच्या सांध्याची संवेदना मुख्यतः पाचव्या आणि सहाव्या मूळतंतूंतून येते. म्हणजे खांद्यासाठी औषध जितके वर, मानेच्या मुळाशी घालावे तितके परिणामकारक. आणि जितके वर जावे तितका शेजार धोक्याचा. पुढच्या स्कॅलीन स्नायूच्या अंगावरूनच मध्यपटलास चालविणारा फ्रेनिक मज्जातंतू खाली उतरतो. थोडे आत मेंदूकडे रक्त नेणारी कशेरुका-धमनी आहे. त्याच खोलीवर मणक्यांमधील छिद्रे आहेत व त्यांतून मेरुरज्जूची आवरणे मूळतंतूंच्या सोबतीने काही अंतर बाहेर आलेली असतात. खाली जत्रूच्या मागे फुप्फुसाच्या आवरणाचे शिखर आहे. एवढ्या सगळ्या गोष्टी काही सेंटिमीटरांच्या परिघात एकवटलेल्या आहेत, आणि सुईला त्यांच्यातील भेद कळत नाही.

इ. स. १८८४ मध्ये व्हिएन्ना येथील कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो असे दाखविले. त्याच वर्षाच्या १५ सप्टेंबर रोजी हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेत त्यांचा निबंध वाचला गेला. प्रवासखर्च न परवडल्यामुळे कोलर स्वतः तेथे नव्हते. ही वार्ता अमेरिकेत पोहोचण्यास फार दिवस लागले नाहीत. न्यूयॉर्क येथे विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड आणि त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल यांनी काही महिन्यांतच कोकेन थेट मज्जातंतूंत घालण्याचे प्रयोग सुरू केले. हॉल्स्टेड यांनी मानेत छेद घेऊन बाहुजाल उघडे केले आणि डोळ्यांना दिसत असलेल्या तंतूंत औषध घातले. या पद्धतीत छेदाचा त्रास होता, पण सुईचे टोक कोठे आहे याविषयी संदेह नव्हता. या शाखेचा पहिला गंभीर उपद्रव रुग्णास नव्हे, तर वैद्यांस झाला. स्वतःवर प्रयोग करीत असता हॉल्स्टेड व हॉल हे दोघेही कोकेनच्या व्यसनात सापडले. हॉल्स्टेड यांचे पुढील आयुष्य बाल्टिमोर येथे थोर शल्यविशारद म्हणून गेले खरे, परंतु कोकेनच्या जागी मॉर्फिन आले आणि ते सुटल्याचे दिसत नाही. औषधाच्या विषारीपणाचा हा धडा स्पष्ट होता. आइन्हॉर्न यांनी सिद्ध केलेले आणि हाइन्रिख ब्राउन यांनी १९०५ मध्ये प्रचारात आणलेले नोव्होकेन हे त्याचे उत्तर ठरले.

नोव्होकेनमुळे औषधाची भीती ओसरली आणि छेदाचा त्रास नकोसा वाटू लागला. १९११ साली जर्मनीत दोन वैद्यांनी जवळजवळ एकाच वेळी तो टाळला. गेओर्ग हिर्शेल यांनी काखेतून, तर डीडरिख कूलेनकाम्फ यांनी जत्रूच्या वरून, त्वचेतूनच सुई घालून बाहुजाल बधिर केले. कूलेनकाम्फ यांनी हा प्रयोग प्रथम स्वतःच्या बाहूवर केला. जत्रूच्या मध्याच्या वर, धमनीच्या ठोक्याच्या बाहेरच्या अंगास सुई टोचावी, ती पहिल्या बरगडीच्या दिशेने न्यावी आणि बोटांपर्यंत झिणझिणी गेली म्हणजे औषध सोडावे, अशी त्यांची रीत होती. येथे एक मूलभूत बदल घडला, पण त्या काळी तो कोणी बदल म्हणून नोंदविलेला दिसत नाही. हॉल्स्टेड यांचा साक्षीदार डोळा होता. कूलेनकाम्फ यांचा साक्षीदार रुग्ण झाला. सुई योग्य ठिकाणी पोहोचली की नाही हे आता रुग्णाच्या तोंडून कळावयाचे होते.

१९२८ मध्ये कूलेनकाम्फ आणि पर्स्की यांनी सुमारे एक हजार रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात मोठा अपाय आढळला नव्हता. इतरांच्या हाती मात्र हीच पद्धत तितकी निरुपद्रवी राहिली नाही. सुई पहिल्या बरगडीवरून घसरली की फुप्फुसाच्या आवरणात शिरे आणि छातीत हवा भरून फुप्फुस आक्रसे. पुढील काळातील वेगवेगळ्या नोंदींत हे प्रमाण दर शेकडा अर्ध्यापासून सहापर्यंत दिलेले आढळते. हा फरक केवळ कौशल्याचा मानता येत नाही. कोणी क्ष-किरण छायाचित्र काढून शोधले आणि कोणी रुग्णास धाप लागण्याची वाट पाहिली, याचाही तो फरक आहे. पद्धतीच्या जनकाने दिलेला हजारांचा आकडा आणि अन्यत्रचे आकडे यांत पडणारे असे अंतर वैद्यकाच्या इतिहासात वारंवार भेटते. त्यात अप्रामाणिकपणा शोधण्याचे कारण नाही. ज्या हाताने पद्धत घडविली त्या हाताची सवय लेखात उतरत नाही, एवढेच.

१९२५ साली फ्रेंच शल्यवैद्य एत्येन यांनी आणखी वर जाऊन, स्कॅलीन स्नायूंच्या परिसरात एकाच वेळी सर्व औषध सोडून बाहुजाल बधिर केल्याचे लिहिले. खांद्यासाठी हीच जागा योग्य होती. पण या सूचनेकडे पाऊण पिढीहून अधिक काळ कोणी फारसे वळले नाही. त्यास बाहेरची कारणे होती. १९३४ मध्ये थायोपेंटोन आणि १९४२ मध्ये क्युरारी शस्त्रक्रियागृहात आले आणि संपूर्ण भूल पूर्वीपेक्षा सुकर झाली. शिवाय इंग्लंडातील चेस्टरफील्ड येथे १९४७ साली एकाच दिवशी पाठीच्या कण्यातून बधिर केलेल्या दोन रुग्णांचे पाय कायमचे लुळे पडले. १९५३ मध्ये त्यांचा खटला गाजला. तो प्रसंग बाहुजालाचा नव्हता. तरीही सुईने बधिर करण्याच्या सर्वच प्रकारांवर त्याची छाया पडली आणि ब्रिटनमध्ये ती दीर्घकाळ टिकली.

या पद्धतीचे पुनरुज्जीवन शिकागो येथील अ‍ॅलन विनी यांच्याकडे जाते. बाहुजालाभोवती स्नायूंच्या पातळ आवरणांची एक अखंड नळी आहे, तेव्हा त्या नळीत कोठूनही शिरून पुरेसे औषध सोडले असता ते आपोआप पसरते, ही त्यांची मूळ कल्पना. १९६४ मध्ये त्यांनी ती जत्रूच्या पातळीवर लागू केली आणि १९७० मध्ये दोन स्कॅलीन स्नायूंमधील खाचेत, कंठाच्या क्रिकॉइड कूर्चेच्या उंचीवर सुई घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. खाच बोटास लागते, जागा सहज सापडते आणि फुप्फुस दूर राहते. सुई किंचित पायांच्या दिशेने झुकलेली असावी, हा त्यांचा आग्रह केवळ शैलीचा नव्हता. सुई आडवी गेली तर ती मणक्यांच्या छिद्राकडे जाते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

तो धोका प्रत्यक्षात येण्यास तीन वर्षे पुरली. १९७३ साली रॉस आणि स्कारबरो यांनी बाहुजाल-बधिरीकरणानंतर औषध मेरुरज्जूच्या आवरणांत शिरून सर्व शरीर बधिर झाल्याचा वृत्तांत दिला. अशा प्रसंगी श्वास थांबतो, रक्तदाब कोसळतो आणि रुग्ण बोलेनासा होतो. कृत्रिम श्वास देऊन औषधाचा अंमल उतरेपर्यंत त्यास सांभाळले, तर तो बहुधा पूर्ववत् होतो. म्हणजे हा उपद्रव प्राणघातक असला तरी, जवळ सावध आणि सज्ज मनुष्य असेल तर, परतवून लावण्याजोगा आहे. कशेरुका-धमनीत औषध गेल्यास याहूनही थोडा अवधी मिळतो. ते विरळ न होता थेट मेंदूकडे जाते. म्हणून अत्यल्प मात्रेनेही सुई काढण्यापूर्वीच झटके येतात.

औषधे बदलली तशी विषबाधेची जातही बदलली. लिडोकेन १९४८ पासून विक्रीस होते. दीर्घकाळ टिकणारे ब्युपिव्हाकेन १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आले. खांद्याच्या वेदनेस रात्रभर दूर ठेवणारे औषध म्हणून त्याचे स्वागत झाले. १९७९ साली जॉर्ज आल्ब्राइट यांनी एका संपादकीय लेखात एटिडोकेन आणि ब्युपिव्हाकेन यांच्यामुळे हृदय अकस्मात् बंद पडल्याच्या घटना मांडल्या. जुन्या औषधांच्या विषबाधेत आधी झटके येत आणि हृदय मागाहून बिघडे. येथे दोन्ही जवळजवळ एकदमच घडत, आणि बंद पडलेले हृदय नेहमीच्या उपायांना दाद देत नसे. १९९६ मध्ये आलेले रोपिव्हाकेन त्या मानाने सौम्य, तथापि निर्विष नव्हे.

या विषबाधेवरील उतारा खांद्याच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासातूनच प्रथम सिद्ध व्हावा, हा एक योगायोग होय. शिकागोचे गाय वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे दाखविले की, शिरेतून स्निग्ध द्रव्याचे पायस दिले असता ब्युपिव्हाकेनची प्राणघातक मात्रा वाढते. पुढे कुत्र्यांवरही हाच अनुभव आला. मनुष्यावरील पहिला यशस्वी वापर २००६ साली रोझेनब्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. खांद्याचा फाटलेला स्नायुबंध शिवण्यासाठी स्कॅलीन खाचेत ब्युपिव्हाकेन आणि मेपिव्हाकेन यांचे मिश्रण दिल्यावर अल्पावधीतच त्या रुग्णास झटके आले आणि हृदय बंद पडले. सुमारे वीस मिनिटे चाललेले सर्व प्रयत्न निष्फळ ठरल्यावर दर शेकडा वीस तीव्रतेचे १०० मिलिलिटर पायस देण्यात आले आणि हृदयाची गती परतली. आहारासाठी अनेक रुग्णालयांत आधीपासूनच असलेले हे पांढरे द्रव त्यानंतर बधिरीकरणाच्या खोलीतही ठेवले जाऊ लागले. एका रुग्णाच्या वृत्तांताने व्यवहार इतक्या त्वरेने बदलल्याचे दुसरे उदाहरण या शाखेत सहज सापडणार नाही.

याच्या अगदी उलट कथा मध्यपटलाची आहे. फ्रेनिक मज्जातंतूस औषध लागून मध्यपटलाची एक बाजू लुळी पडते, हे अज्ञात नव्हते. १९४९ साली शॉ यांनी यावर स्वतंत्र लेख लिहिला होता. परंतु तो एक प्रासंगिक प्रकार समजला जाई. रुग्ण श्वास घेत आहे, ओठ निळे नाहीत, तेव्हा मध्यपटल ठीक असले पाहिजे, असे गृहीत धरले गेले. १९९१ मध्ये न्यूयॉर्क येथील विल्यम उर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॅलीन पद्धतीने बधिर केलेल्या तेरा रुग्णांची मध्यपटले अल्ट्रासाउंडने पाहिली. तेराही जणांत त्या बाजूचे मध्यपटल लुळे होते. पुढच्या वर्षी त्यांनीच श्वासाचे माप घेतले, तेव्हा जोराने सोडता येणाऱ्या एकूण श्वासात सुमारे एक-चतुर्थांशाहून अधिक घट आढळली. म्हणजे विनी यांच्या लेखानंतर एकवीस वर्षे ही पद्धत ज्या ज्या रुग्णावर यशस्वीपणे वापरली गेली, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाचे अर्धे मध्यपटल काही तास बंद होते. निरोगी माणूस ही उणीव दुसऱ्या बाजूने भरून काढतो आणि त्याला कळतही नाही. ज्याची फुप्फुसे आधीच जीर्ण आहेत, किंवा ज्याचे दुसऱ्या बाजूचे मध्यपटल पूर्वीच निकामी आहे, त्याच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट श्वासयंत्राची वेळ आणते. अपवाद नजरेत भरतो. नियम मुद्दाम मोजल्यावाचून दिसत नाही. तेरा ही संख्या कोणत्याही गणनेने लहानच आहे, पण तेरांपैकी तेरा या निष्कर्षापुढे संख्येचा आक्षेप टिकला नाही.

त्या सुमारास खांद्याच्या शस्त्रक्रियेचे स्वरूपही पालटत होते. दुर्बिणीने सांध्यात पाहून शस्त्रक्रिया करण्याची रीत रूढ झाली, रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ लागला, आणि पहिल्या रात्रीच्या तीव्र वेदनेसाठी बाहुजाल-बधिरीकरणास मागणी वाढली. रुग्णास बसत्या स्थितीत ठेवणे शल्यवैद्यास सोयीचे. पण त्यातून एक नवा उपद्रव दिसू लागला. रुग्ण शांत बसलेला असता एकाएकी नाडी मंद होई आणि रक्तदाब खचे. १९९५ साली द’अलेसिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या रुग्णांपैकी सुमारे एक-पंचमांशांत हे घडल्याचे लिहिले आणि त्याचे कारण बेझोल्ड-यारिश प्रतिक्षेपात शोधले. बसल्यामुळे रक्त पायांकडे साचते. अर्धवट भरलेले हृदय जोराने आकुंचन पावते. आणि त्यामुळे उलटा संदेश जाऊन गती मंदावते, अशी ही उपपत्ती आहे. ती सर्वमान्य नाही. तथापि वेळीच ओळखल्यास औषधांनी व रुग्णास आडवे केल्याने यातून निभाव लागतो.

आता सर्वांत दुःखद प्रकरण. विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने मज्जातंतू उद्दीपित करून स्नायूचे स्फुरण पाहण्याची युक्ती १९१२ साली पेर्थेस यांनी सुचविली होती आणि १९६२ साली ग्रीनब्लॅट व डेन्सन यांनी ती सुटसुटीत उपकरणाच्या रूपाने आणली. या उपकरणामुळे रुग्णाने झिणझिणी सांगण्याची गरज उरली नाही, असे वाटू लागले. झिणझिणी शोधत जाणे हेच मुळी तंतूंना इजा करणारे आहे काय, ही शंकाही रास्त होती. १९७९ मध्ये स्वीडनच्या सेलांडर यांनी काखेतील बधिरीकरणात झिणझिणी शोधलेल्या गटात दर शेकडा २.८ आणि न शोधलेल्या गटात ०.८ एवढ्या रुग्णांस मागाहून तंतुविकार झाल्याचे दाखविले होते, जरी तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस पुरता उतरत नव्हता. मग रुग्ण जागा तरी कशास हवा? आधी संपूर्ण भूल द्यावी आणि नंतर निद्रिस्त रुग्णाच्या मानेत सुई घालावी, हे रुग्णास सुखाचे आणि वैद्यास सोयीचे होते. २००० साली जोनाथन बेन्युमॉफ यांनी चार रुग्णांचे वृत्तांत एकत्र प्रसिद्ध केले. चौघांनाही भूल दिल्यानंतर, विद्युत्-उद्दीपकाच्या साहाय्याने स्कॅलीन बधिरीकरण करण्यात आले होते. चौघांच्याही मानेतील मेरुरज्जूचे कार्य कायमचे नष्ट झाले. सुई मणक्यांमधील छिद्रातून आत शिरून औषध मेरुरज्जूच्या अंतर्भागातच सोडले गेले होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. जागा रुग्ण सुई तेथवर पोहोचण्यापूर्वीच ओरडला असता. निदान औषध सोडण्याच्या पहिल्या क्षणी तरी.

कूलेनकाम्फ यांच्या पद्धतीने नेमलेला साक्षीदार असा निद्रिस्त केला गेला होता. अमेरिकेतील विभागीय बधिरीकरणाच्या संस्थेने २००८ च्या आपल्या सूचनांत गाढ भूल दिलेल्या रुग्णावर स्कॅलीन बधिरीकरण करू नये, असे स्पष्ट सांगितले. या सूचनेस विरोधही झाला. लहान मुलांवर जागेपणी सुई चालविणे दुर्घट. आणि जागा रुग्ण प्रत्येक वेळी वेदना सांगतोच असेही नाही. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु अविश्वसनीय साक्षीदार आणि साक्षीदाराचा पूर्ण अभाव या दोन गोष्टी सारख्या मानता येत नाहीत, आणि प्रौढ रुग्णाच्या बाबतीत तरी संस्थेचा पक्ष अधिक सबळ दिसतो.

मेरुरज्जूच्या तुलनेने सौम्य, पण पुष्कळांना भेडसावणारा प्रश्न बाहूच्या तंतूंच्या इजेचा. झ्यूरिखचे आलँ बोर्जा यांनी २००१ मध्ये ५२१ रुग्णांचा नऊ महिने मागोवा घेतला. दहाव्या दिवशी दर शेकडा १४ रुग्णांस मुंग्या, झिणझिणी किंवा विकृत संवेदना होती. एका महिन्याने ७.९, तीन महिन्यांनी ३.९, सहा महिन्यांनी ०.९ आणि नवव्या महिन्यात ०.२. या उतरत्या आकड्यांत दिलासा आहे, आणि एक गुंताही आहे. टिकून राहिलेल्या काही तक्रारींचे मूळ कोपराशी किंवा मनगटाशी दबलेल्या तंतूंत सापडले. शिवाय खांद्याची शस्त्रक्रिया, त्यात बाहूवर पडणारा ताण आणि रुग्णास बसविण्याची रीत यांनीही तंतू दुखावतात. तेव्हा दोष सुईचा की सुरीचा, हे पुष्कळदा ठरविता येत नाही. बधिरीकरणतज्ज्ञ शल्यवैद्याकडे आणि शल्यवैद्य बधिरीकरणतज्ज्ञाकडे बोट दाखवितो, यात नवल नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच बाहूची नीट तपासणी नोंदलेली नसेल तर दोघांपाशीही पुरावा नसतो.

व्हिएन्नातील काप्राल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली सुई अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर पाहत बाहुजाल बधिर केले. हॉल्स्टेड यांनी छेद घेऊन जे पाहिले होते ते एकशेदहा वर्षांनी छेदावाचून दिसू लागले. त्याचा लाभ सर्वत्र सारखा झाला नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील पंचवीस हजारांहून अधिक बधिरीकरणांच्या नोंदींवरून बॅरिंग्टन आणि क्लुगर यांनी २०१३ मध्ये दाखविले की अल्ट्रासाउंडमुळे औषधाच्या विषबाधेचा धोका घटतो. तंतूंच्या इजेविषयी तसा निर्णायक पुरावा मिळालेला नाही. मध्यपटलाच्या बाबतीत मोठा फायदा मात्रा कमी करता येण्याचा झाला. २००८ साली रियाझी आणि सहकाऱ्यांनी वीसऐवजी पाच मिलिलिटर औषध वापरले, तेव्हा मध्यपटल लुळे पडण्याचे प्रमाण शंभरावरून पंचेचाळीसवर आले आणि वेदनाशमनात उणीव पडली नाही. मात्रा इतकी उतरवूनही निम्म्याजवळ रुग्णांत परिणाम राहतोच, यावरून स्थानच बदलले पाहिजे हे उघड झाले. त्यातून खांद्याच्या मागील तंतू वेगळा बधिर करण्याची आणि बाहुजालाचा वरचा खोड-भाग, फ्रेनिक तंतू दूर झाल्यानंतरच्या जागी, गाठण्याची पद्धत पुढे आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत स्कॅलीन गटात दर शंभरी सत्तरांहून अधिक, तर वरच्या खोडाच्या गटात पाचांहूनही कमी रुग्णांचे मध्यपटल लुळे पडले.

हा परिणाम काही तासांचा असतो असे पाठ्यपुस्तके दीर्घकाळ सांगत आली. २०१३ साली कॉफमन आणि सहकाऱ्यांनी अशा चौदा रुग्णांचे वृत्तांत दिले, ज्यांचे मध्यपटल खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठीच्या स्कॅलीन बधिरीकरणानंतर पुन्हा चालू झालेच नव्हते. त्यांच्या मानेत शस्त्रक्रिया करून पाहिले असता फ्रेनिक तंतू व्रणतंतूंनी आवळलेला आढळला, आणि तो मोकळा करणे हा उपचार ठरला.